परक्या मापाची बाले

माणूस दारातून आत आला की त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याचे हातपाय दिसतात. हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. एडिनबराच्या एका हॉस्पिटलात, कृत्रिम पाय बसवण्याच्या क्लिनिकमध्ये मी बावीस वर्षं काढली. डावा खांदा उतरलाय, उजवा पाय अर्धा इंच आखूड आहे, हे समोरचा 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या आत मला कळतं. अनुराधा म्हणते, पुण्यात कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, मनगटाकडे बघत होतो. खरं आहे. मनगट चांगलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कोणाला वाटू नये. मापाचं महत्त्व मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

उदय आमचा एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच वाढला. आर्किटेक्चर शिकला, पहिल्या चारांत पास झाला. आता एखाद्या बऱ्या ऑफिसात चिकटेल आणि मी चारचौघांत मान वर करून सांगेन, असं वाटत होतं, तर पठ्ठ्या स्कॉलरशिप घेऊन बालीला गेला. १९८६ साल. एक वर्षासाठी म्हणून गेला, दीड वर्षाने उगवला, आणि काय आणलं? बुटांची सात खोकी. खोक्यांत कार्डं. एका कार्डावर एक शब्द, खाली चित्र, त्याखाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ. घराच्या दारामागे आडवी भिंत असते तिचा शब्द. अंगणाचा शब्द. भाताच्या कोठाराचा, चुलीचा, छपराच्या गवताचा. घराबाहेर पडलेल्या माणसाला शेजारी काय विचारतो त्याचाही.

"शब्दच गोळा करायचे होते तर घरात मराठी होती की," मी म्हणालो. "ती तरी धड येते का तुला?"

"मराठी येतो मला," तो म्हणाला.

"बघ."

झालं. त्या दिवसापासून आमचं बोलणं हवामान आणि जेवण एवढ्यावर आलं. तो डंडीला एका ड्रॉइंग ऑफिसात आठवड्यातले तीन दिवस जायचा, उरलेले दिवस खोक्यांत डोकं घालून बसायचा. एका डॉक्टरचा मुलगा, पंचविशी आलेली, आणि अर्धवेळ नोकरी! गणपतीला चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले की कोणीतरी विचारायचंच, "उदय काय करतो सध्या?" मी आमटी वाढून घ्यायला उठायचो.

अनुराधाचं मात्र उलट. तिला त्या कार्डांचा लळाच लागला. स्वयंपाकघराला ती 'पाओन' म्हणायला लागली. बालीत म्हणे उजवं-डावं नसतं, डोंगराकडचं आणि समुद्राकडचं असतं. डोंगराकडे ते 'काजा', समुद्राकडे ते 'कलोद'. आमच्या घराच्या दक्षिणेला पेंटलंडचे डोंगर आणि उत्तरेला लीथचं बंदर. मग काय, "ते मिठाचं भांडं जरा काजाला सरकवा," असं जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. मी मुद्दाम उलटीकडे सरकवायचो. मी बाहेर निघालो की ही दारातून विचारणार, "लाकर किजा?" म्हणजे, कुठे निघालात? तिथे हा नुसता नमस्कार असतो, कोणी उत्तर द्यावं अशी अपेक्षाही नसते. पण निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, एवढं तरी आपल्या घरचं वळण तिने पाळायला हवं होतं. मी तसं म्हणालो की मायलेक हसायचे.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये केतुत आला. बालीतला घरं बांधणारा. सुतार म्हणावं तर तो मुहूर्तही बघतो, आणि भटजी म्हणावं तर हातात तासणी. त्यांच्याकडे त्याला उंदागी म्हणतात. पन्नाशीचा, बुटका, पावलं रुंद, उजव्या अंगठ्याचं नख गेलेलं. ग्लासगोला कसल्याशा प्रदर्शनासाठी त्याला आणलं होतं. प्रदर्शन आटपल्यावर उदय त्याला दोन महिन्यांसाठी आमच्याकडे घेऊन आला. आमच्या मागच्या बागेत एक बाले बांधायची, असं दोघांचं ठरलं होतं. बाले म्हणजे भिंती नसलेली खोली. जोतं, चार खांब, मध्ये बसायला-निजायला लाकडी ओटा, वर गवताचं छप्पर. बालीतलं घर म्हणजे एक खोकं नव्हेच, अंगणाभोवती अशा सुट्ट्या बाले असतात, प्रत्येकीची दिशा वेगळी, काम वेगळं. ही पूर्वेची होती. खोक्यातलं तिचं कार्ड मी पुढे इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. 'बाले दांगिन. पूर्वेची बाले. घरातली सगळी कार्यं इथे होतात. घरातलं माणूस गेलं की देह इथेच ठेवतात.'

केतुत उदयला 'वायन' म्हणायचा. तिथे थोरल्याला वायन म्हणतात. एकुलता एक असला तरी तो थोरलाच, असं त्याचं म्हणणं. केतुत म्हणजे चौथा, आणि तो स्वतः चौथाच.

पहिल्याच रविवारी जेवताना उदयने विषय काढला. माझ्याकडे न बघता, भाताकडे बघत.

"बाबा, तुमचा माप पाहिजे."

"कसलं?"

"घराची. म्हणजे, तिकडे टेपनी नाही मोजत. जो घराचा ओनर आहे ना, त्याच्या बॉडीवरून सगळं येते. हात असे स्ट्रेच केले की इथून इथपर्यंत, मग फोरआर्म, मग मूठ, मग पाऊल. केतुत बांबूवर मार्क करणार. पोस्ट किती उंच, दोन पोस्टमध्ये गॅप किती, सगळं त्या स्टिकवरून."

"वाव, हात, मूठ आणि पाऊल," अनुराधा म्हणाली. "आपल्याकडेही असंच मोजायचे रे पूर्वी."

"येस! आणि मग थोडा एक्स्ट्रा धरतात. पेंगुरिप. आकडा नुसता असला तर तो डेड असतो. वरती थोडं टाकलं की जिवंत होते."

"दूधवाला माप झाल्यावर वर एक धार सोडतो तसं," अनुराधा म्हणाली. ती खुशीत होती. केतुत आमच्या तोंडांकडे बघत वरणात पोळी बुडवत होता.

मी पाणी प्यायलो. खरं तर मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. बालीला गेल्यापासून तीन वर्षं मुलगा माझ्याकडे काही मागत नव्हता, आणि मागितलं ते हे. बागेत काठ्या उभ्या करायला.

"माणसाचं असं नखशिखांत माप एकदाच घेतात," मी म्हणालो. "तिरडी बांधताना. तोवर थांब. मी मेलो की घे."

"अहो, काहीतरीच काय बोलता भरल्या ताटावर!" अनुराधा म्हणाली.

उदय म्हणाला, "मग माझा वापरू का, असं विचारलं मी केतुतला. तो नाही म्हणाला. फादर आहे तोपर्यंत फादर."

पुढचे तीन दिवस केतुत बागेत सफरचंदाच्या झाडाखाली नुसता बसून होता. पर्थशायरहून आणलेली लाकडं ताडपत्रीखाली पडून होती. सकाळी मी कामाला निघालो की तो उठून उभा राहायचा, मान झुकवायचा, परत बसायचा. मला ते सत्याग्रहासारखं वाटायला लागलं. अनुराधाने बोलणं टाकलं. बुधवारी सकाळी एवढंच म्हणाली, "पाच मिनिटांचं काम आहे. त्या भांडकुदळ म्हाताऱ्यांचे पाय दिवसभर हातात घेता. स्वतःच्या मुलासमोर हात पसरायला एवढं जड जातं?"

जड जात होतं. कबूल करतो.

त्याच दिवशी दुपारी माझ्यासमोर मिस्टर गॅलब्रेथची फाइल होती. लीथचा बसड्रायव्हर, ठेंगणा, पिंपासारखा, डावा पाय गुडघ्याखाली काढलेला. पाय गेलेल्या माणसाची मूळ ठेवण समजावी म्हणून आम्ही हातांची वाव घेत असू, कुबड्यांसाठी कोपरापासूनचं आणि मुठीचं माप, बुटासाठी उरलेल्या पावलाचं. चारी आकडे एका कागदावर, मिलिमीटरपर्यंत. मी ते बघत राहिलो, मग हॉस्पिटलचा एक कोरा कागद घेतला आणि चारी आकडे माझ्या अक्षरात उतरवून काढले. वर माझं नाव घातलं.

सूड वगैरे म्हणू नका. सूड घ्यायलाही माणसात धमक लागते. मी टाळलं. हा सगळा खुळचटपणा आहे, कुठल्याही माणसाचे आकडे घातले तरी चार खांब चारच राहणार, असं स्वतःला सांगितलं आणि दुपारच्या चहाला एका सहकाऱ्याला हा किस्सा सांगून हसवलंसुद्धा.

संध्याकाळी कागद उदयच्या हातात दिला. "उभं राहायला वेळ नाही मला. हे घे. तुझ्या केतुतच्या काठीपेक्षा अचूक आहे."

त्याने कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"थँक्स, बाबा," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. केतुत प्रत्येक लाकूड हातात घेऊन दोन्ही टोकं हुंगायचा, नखाने खरवडायचा, मग एका टोकाला खडूने खूण करायचा. झाडाचं मूळ ज्या बाजूला होतं ती बाजू खालीच आली पाहिजे, नाहीतर झाड डोक्यावर उभं राहतं. दोन खांब त्याने परत पाठवले, कारण लाकूड कापणाऱ्याला कुठली बाजू बुडाची ते सांगता येईना. छपराला टे नदीकाठचं बोरूचं गवत आणलं. उदय उघड्या अंगाने शेकारायला वर चढलेला असायचा, पाठ उन्हाने लाल, खाली अनुराधा चहाचे मग घेऊन उभी. कधी कधी तो वरून ओरडायचा, "आई, थोडा कलोदला सरक, पडेल काहीतरी!" मला वाटायचं, जावं. पण कागद आड यायचा. एकदा खोटं दिलं की त्या जागेपाशी माणूस फिरकत नाही. घरात उंदीर मेलाय हे ज्याला ठाऊक आहे तो त्या खोलीत पाहुण्यांना नेत नाही, तसं.

ऑगस्टअखेर बाले उभी राहिली. केतुतने फुलं, तांदूळ, पाणी असं काय काय केलं आणि मला आत बोलावलं. मी गेलो, आणि कपाळ छपराच्या कडेला आपटलं. ओट्यावर आडवे व्हा म्हणाले, झालो. पावलं वीतभर बाहेर राहिली.

"अगंबाई," अनुराधा हसत म्हणाली, "मालकाच्या मापाची म्हणे, आणि मालकालाच पुरेना!"

"बालीला सगळेच वाकून आत जातात," उदय घाईने म्हणाला. "रिस्पेक्ट असते ते." आणि माझं कपाळ चोळायला त्याने हात पुढे केला, पण लावला नाही.

केतुत सप्टेंबरात परत गेला. उदय ओट्यावर बसून कार्डं लिहायचा, थंडी पडली तरी दोन स्वेटर घालून. आमचं बोलणं थोडं वाढलं होतं. ख्रिसमसला त्याने मला डंडीच्या ऑफिसातला एक किस्सा सांगितला आणि मी मनापासून हसलो. मला वाटलं, आता हळूहळू होईल सगळं ठीक.

नव्वदच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी तो डंडीला निघाला. अनुराधाने दारातून नेहमीसारखं विचारलं, "लाकर किजा?" त्याने हात हलवला. पर्थच्या अलीकडे रस्त्यावर न दिसणारं बर्फ होतं. गाडी फिरली आणि समोरून येणाऱ्या लॉरीखाली गेली. पोलिसांनी मला क्लिनिकमध्येच गाठलं. मी पेशंटच्या गुडघ्याला टेप लावून उभा होतो. तो मी नीट गुंडाळून खिशात ठेवला आणि मग त्यांच्याबरोबर निघालो. का ठेवला ते माहीत नाही.

शुक्रवारी दहन होतं. सकाळी दोन तास त्याला घरी आणणार होते. गुरुवारी अनुराधा माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हातात ते कार्ड.

"त्याला घरात नको. बालेत ठेवूया," ती म्हणाली. "पूर्वेची बाले त्यासाठीच असते. त्याने स्वतः लिहिलंय, बघा. त्याने स्वतः बांधलीय."

मी कार्डाकडे बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे दुसराच कागद होता. त्या बालेचा एकेक खांब खोटा आहे, हे घरात मला एकट्याला ठाऊक होतं. केतुतने जाताना उदयला सांगितलं होतं आणि उदयने हसत आम्हाला: माप चुकलं तर घर घरातल्यांना लाभत नाही. मी डॉक्टर माणूस. बर्फाला माप कळत नाही हे मला कळतं. रात्रंदिवस मी स्वतःला तेच सांगत होतो. पण माझ्या मुलाला मी गॅलब्रेथच्या अंगावर नेऊन निजवू? ज्या खोटेपणावर तो भाबडेपणाने 'थँक्स' म्हणाला, त्याच्याच मधोमध?

"पाऊस आहे," मी म्हणालो.

"छप्पर आहे त्याला."

"चार लोक येतील, बागेत चिखल आहे, पेटी नेताना कोणी घसरलं तर? नको, अनुराधा. पुढच्या खोलीत ठेवू."

"दोन तास. फक्त दोन तास त्याला त्याच्या घरात ठेवा हो."

"नाही म्हटलं ना!"

मी ओरडलो. मुलाच्या मरणाला दोन दिवस झाले होते आणि मी त्याच्या आईवर ओरडलो. त्याला पुढच्या खोलीत, टीव्ही बाजूला सरकवून ठेवला.

त्यानंतर अनुराधाने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि माफही केलं नाही. ती रोज संध्याकाळी बालेत जाऊन बसायची. एकटी. एकदा मी बाहेर उघड्या खिडकीपाशी होतो, तेव्हा आत ती फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "मीच विचारलं गं त्याला, कुठे निघालास म्हणून. हे मला किती वेळा सांगायचे, निघालेल्याला कुठे विचारू नये. मीच अपशकुन केला." मी तिथे उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. अपशकुनाचीच गोष्ट करायची तर तो माझा होता, तिचा नव्हे. तोंडापर्यंत आलं. पण ते सांगितलं तर तिच्याकडे उरलेली ती एकच जागा मी नासवणार होतो. म्हणजे मी असं म्हणत होतो. खरं कारण हे की मी भ्यालो.

एक्क्याण्णवमध्ये मी निवृत्त झालो. मग तर दिवसभर ती बाले समोर. छपरावर शेवाळ धरलं, एका बाजूचं गवत खचलं. दुरुस्तीला मी हात लावला नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू दिला नाही.

ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, फेस्टिव्हलच्या दिवसांत, दारावरची घंटा वाजली. बाहेर केतुत. बालीहून नाचणाऱ्यांचा एक संच आला होता, त्यांची स्टेजवरची कमान उभारायला त्याला आणलं होतं. केस पार पांढरे झाले होते. वायन गेल्याचं त्याला उदयच्या कॉलेजकडून कळलं होतं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग अनुराधाने त्याला घट्ट धरलं आणि दोघं दारातच लहान मुलांसारखी रडली. मी कोट टांगायला आत गेलो.

चहा ठेवायला ती पाओनमध्ये गेली आणि केतुत बागेत गेला. त्याच्यामागे मी. आता हा जोत्याला हात लावणार, खांब बघणार, काठी मागणार. मला सहन होईना. मी त्याला काही विचारू दिलं नाही.

"केतुत," मी इंग्लिशमध्ये म्हणालो, "ती मापं माझी नव्हती."

तो खांबावरचं शेवाळ अंगठ्याने काढत होता. काढत राहिला.

"मी दुसऱ्याच माणसाची दिली. एका पेशंटची. मी उदयला फसवलं. तुलाही."

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"डॉक्टर, मी चाळीस वर्षं माणसं मोजतो." त्याचं इंग्लिश तुटक, उदयनेच शिकवलेलं. "तुम्ही पहिल्या दिवशी दार उघडलं. हात इतके लांब. कागदावरचा माणूस छोटा, जाड. मी त्याच संध्याकाळी वायनला सांगितलं. हे तुझे वडील नाहीत. ही काठी मी करणार नाही."

मी जोत्याच्या कडेवर बसलो.

"मग?"

"वायन म्हणाला, मला माहीत आहे. मी वाचलं तेव्हाच कळलं."

बागेत कुठेतरी शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं. ते थांबल्यावर केतुत पुढे सांगू लागला.

"मी म्हणालो, मग जा, वडिलांना सांग, खरं दे. तो म्हणाला, नको. तीन वर्षांत बाबांनी पहिल्यांदा माझ्यासाठी बसून काही लिहिलंय. मी जाऊन चूक आहे म्हणालो तर हेही बंद होईल. बांध तू, म्हणाला. मी नाही म्हणालो. तो खूप रडला, डॉक्टर. मग मी बांधलं. आमच्यात असं करत नाहीत. मी केलं. पेंगुरिप वायनने स्वतः घातला, प्रत्येक मापावर स्वतःचं एक बोट. म्हणाला, एवढं तरी घरातलं असू दे."

मी उठलो. काय करतोय ते मला कळत होतं आणि नव्हतंही. मी बालेसमोर, त्या ओल्या गवतात ताठ उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले. खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत, पूर्ण, जसे पेशंटना पसरायला सांगतो तसे.

"घे," मी म्हणालो. "आत्ता घे. काठी नसेल तर माझ्याकडे टेप आहे. सगळी मोडून परत बांध, मी लाकडं आणतो. घे माप."

केतुत जवळ आला. त्याने माझं मनगट धरलं आणि हळूच खाली आणलं. मग दुसरं.

"कोणासाठी घेऊ?" तो म्हणाला. "मागणारा गेला."

मागे कपांचा आवाज झाला. अनुराधा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने ट्रे पायरीवर ठेवला, गवतातून चालत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"म्हणून त्याला इथे ठेवू दिलं नाहीत?"

"हो."

"आणि मला अडीच वर्षं वाटतंय," ती म्हणाली, "की तुमचा राग गेलाच नव्हता. मेल्यावरही गेला नाही."

ती वाकून बालेत शिरली आणि ओट्यावर बसली, भिंतीसारखी माझ्याकडे पाठ करून. केतुतने खाली मान घातली. मी बाहेरच उभा राहिलो. माझ्या लाजेपायी मी माझ्या पोराला या ओट्यावर दोन तास निजू दिलं नाही. आणि त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने ती बांधली होती, वर चढून, उघड्या पाठीने, हसत. तो इथे सुखाने निजला असता.